ध्वनिफितीवरील स्वभावोक्ती : ल्यूक फेरारी यांच्या एका रचनेचा विचार

१

ल्यूक फेरारी (१९२९–२००५) या फ्रेंच संगीतकाराची ‘प्रेस्क रियँ’ या मालिकेतील पहिली रचना ऐकणारास आरंभी असे वाटते की, येथे रचना म्हणून काही नाहीच. काठाशी पाण्याचे हेलकावे, होडीच्या यंत्राची धडधड, कोंबड्याचे आरवणे, गाढवाचे ओरडणे, रस्त्याने जाणाऱ्या माणसांचे बोलणे, मालमोटारीचा आवाज, कोणा स्त्रीचे गाणे आणि उत्तरोत्तर वाढत जाणारा, झाडांवर किर्रर्र करणाऱ्या सिकाडा जातीच्या कीटकांचा नाद, एवढीच तिची सामग्री. वाद्य नाही, स्वरमेळ नाही, ताल नाही. हे सर्व सुमारे २१ मिनिटे चालते. ‘प्रेस्क रियँ’ या शब्दांचा अर्थ ‘जवळजवळ काहीच नाही’ असा आहे. ‘समुद्रकाठचा सूर्योदय’ असे या पहिल्या रचनेचे उपशीर्षक सांगता येईल. १९६७ ते १९७० या काळात ती सिद्ध झाली आणि १९७० साली डॉइच ग्रामोफोन या जर्मन संस्थेने ती ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली.

अशा कृतीविषयी दोन मते संभवतात. एक असे की, हे केवळ ध्वनिमुद्रण होय. प्रवाशाने छायाचित्र काढून आणावे तसे हे एका गावाचे नादचित्र आहे आणि त्यास संगीतरचना म्हणणे म्हणजे शब्दाचा गैरवापर करणे होय. दुसरे मत याच्या उलट दिसते. त्यानुसार या कृतीची थोरवी याच गोष्टीत आहे की, रचनाकाराने कशासही हात लावलेला नाही. निसर्ग आणि लोकजीवन जसे आहे तसे त्याने श्रोत्यापुढे ठेवले. एक मत निंदेचे व दुसरे स्तुतीचे असले, तरी दोहोंचे गृहीतक एकच आहे : या फितीवर माणसाच्या योजनेचा अंश नाही. हे गृहीतक चुकीचे आहे, आणि ते चुकीचे आहे म्हणूनच ही कृती कलाकृती ठरते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या प्रतिपादनासाठी पाश्चात्त्य संगीतसमीक्षेतील परिभाषेपेक्षा आपल्या साहित्यशास्त्रातील एक जुना वाद अधिक उपयोगी पडतो. तो वाद स्वभावोक्तीचा.

२

त्या वादाकडे वळण्यापूर्वी फेरारी ज्या परंपरेतून पुढे आले तिची ओळख करून घेणे अवश्य आहे. १९४८ साली पॅरिस येथे फ्रेंच नभोवाणीतील अभियंते पिएर शेफर यांनी आगगाड्यांच्या आवाजांपासून एक लहानशी रचना तयार केली. बातिन्योल स्थानकावर मुद्रित केलेले इंजिनांचे फूत्कार, शिट्ट्या आणि चाकांचे ठोके हे तिचे द्रव्य. तेव्हा चुंबकीय फीत त्यांच्या हाती नव्हती. त्यांनी तबकडीवरच काम केले. तबकडीची एक खाच वर्तुळाकार बंद केली म्हणजे सुई पुन्हा पुन्हा तेथेच फिरते आणि आवाजाचा तोच तुकडा सतत ऐकू येतो, ही युक्ती त्यांनी वापरली. शेफर यांचा हेतू असा की, पुनरावृत्तीमुळे श्रोत्यास आगगाडीचा विसर पडावा आणि उरावा तो केवळ नाद : त्याचे पोत, त्याचा चढउतार, त्याचा लय. आवाज कशाचा आहे हे बाजूस सारून तो कसा आहे एवढ्याकडेच लक्ष देणाऱ्या या श्रवणपद्धतीचे सविस्तर शास्त्र त्यांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नादवस्तूंवरील ग्रंथात मांडले. पुढे चुंबकीय फीत आल्यावर हे कार्य सुकर झाले. फीत पात्याने कापता येते, हवी तशी जोडता येते, उलटी चालवता येते, तिची गती कमीअधिक करता येते. नाद ही हातात धरून घडवण्याची वस्तू झाली.

फेरारी हे १९५८ पासून शेफर यांच्या संशोधनगटात होते. तथापि गुरूच्या मूळ तत्त्वाशीच त्यांचा मतभेद झाला. आवाजाचे मूळ विसरावयाचे कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. दाराचा आवाज दाराचा म्हणून ओळखता आला, समुद्राचा आवाज समुद्राचा म्हणून ओळखता आला, तर त्या ओळखीतच श्रोत्याची स्मृती आणि कल्पना जागृत होते. ती रचनेची सामग्री का होऊ नये? १९६३–६४ मधील ‘एतेरोझिगोत’ या कृतीत त्यांनी हा विचार प्रथम अमलात आणला. तीत खांद्यावर नेता येणाऱ्या यंत्राने बाहेर जाऊन मुद्रित केलेले ओळखीचे आवाज आणि प्रयोगशाळेत घडवलेले अनोळखी नाद शेजारी शेजारी ठेवले आहेत. अशा संगीतास त्यांनी जे नाव दिले त्याचा मराठीत ‘प्रसंगात्मक संगीत’ असा अनुवाद करता येईल. परंतु ‘एतेरोझिगोत’मध्ये सांधे दिसतात, कोठे कापले आणि कोठे जोडले हे श्रोत्यास कळते. ‘प्रेस्क रियँ’च्या पहिल्या रचनेत सांधे दिसेनासे झाले. कारागिरी नाहीशी झाली असा भ्रम होतो तो येथे.

३

ही फीत कशी तयार झाली याची हकीकत स्वतः फेरारी यांनी मुलाखतींतून सांगितलेली आहे, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ती निर्णायक आहे. दाल्मात्सियाच्या किनाऱ्यासमोर कोर्चुला नावाचे बेट आहे. त्या काळी ते युगोस्लाव्हियात होते, आज क्रोएशियात आहे. त्या बेटावरील वेला लुका या मच्छीमारांच्या गावी फेरारी राहिले होते. खोलीची खिडकी बंदराकडे उघडत होती. रात्रीच्या गाढ शांततेने त्यांचे लक्ष वेधले आणि ती शांतता पहाटे हळूहळू कशी भंगते हे टिपण्यासाठी त्यांनी खिडकीत मायक्रोफोन ठेवला. एक दिवस नव्हे, रोज, पहाटे तीनपासून सहापर्यंत. काही दिवसांनी त्यांच्या ध्यानात आले की, काही आवाज दररोज ठरल्या वेळी येतात : पहिला मच्छीमार, पहिले गाढव, बंदराकडे जाणारी मालमोटार. काही आवाज मात्र एकदाच येऊन जातात. रचनेसाठी त्यांनी जे आवाज निवडले ते मुख्यतः रोज परत येणारे होते. अनेक पहाटांतील तासन्‌तासांचे मुद्रण आटोपशीर होऊन २१ मिनिटांत आले ते याच निवडीमुळे.

याचा अर्थ असा की, या फितीवरील पहाट कोणत्याही एका दिवशी झालेली नाही. अमुक तारखेस वेला लुकाच्या बंदरावर उभा राहिलेला माणूस या क्रमाने, एवढ्या अवधीत हे सर्व आवाज ऐकू शकला नसता. सिकाडांचा नाद उन्हाच्या उबेबरोबर वाढतो. रात्रीच्या शांततेपासून त्याच्या पूर्ण भरापर्यंत जाण्यास प्रत्यक्षात काही तास लागतात. फितीवर हा प्रवास एखाद्या ख्यालाच्या अवधीत पुरा होतो. म्हणजेच या फितीवर जे मुद्रित आहे ती एक घटना नव्हे. ती एका गावाची सवय आहे.

येथे जॉन केज यांच्या १९५२ मधील प्रसिद्ध कृतीशी तुलना सुचणे स्वाभाविक आहे. तीत वादक ४ मिनिटे ३३ सेकंद काहीही वाजवीत नाही आणि सभागृहात त्या वेळी जे आवाज होतील तेच संगीत ठरतात. वरवर पाहता दोन्ही ठिकाणी रचनाकार मागे सरतो. पण केज यांनी खरोखरच निवड सोडून दिली. त्यांच्या कृतीत काय ऐकू येईल हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसते. फेरारी यांनी निवड सोडली नाही, ती लपवली. हा भेद ध्यानी न घेता दोघांना एकाच पंक्तीत बसवणे हा वर्गीकरणाचा दोष होय.

४

आता स्वभावोक्तीकडे येऊ. वस्तूचे जसेच्या तसे वर्णन हे काव्य होऊ शकते काय, हा आपल्या आलंकारिकांचा वादविषय होता. भामहाने स्वभावोक्तीचा उल्लेख काहींचे मत म्हणून केला. आणि सूर्य मावळला, चंद्र उगवला, पाखरे घरट्याकडे निघाली अशा आशयाच्या निव्वळ निवेदनास काव्य म्हणण्यास नकार देऊन ती केवळ वार्ता होय, असा निर्णय दिला. ज्या दृश्याचे उदाहरण त्याने घेतले ते सूर्यास्ताचे आहे आणि आपल्यासमोर आहे ती सूर्योदयाची कृती. आक्षेप मात्र तोच. दंडीने उलट स्वभावोक्तीस अलंकारांत आद्य स्थान दिले. पुढे कुंतकाने प्रश्न अधिक सूक्ष्म केला. वस्तूचा स्वभाव हे काव्याचे शरीर, म्हणजे अलंकार्य होय. शरीरालाच अलंकार म्हटले तर ते अलंकृत करणार कोणास? कोणी स्वतःच्याच खांद्यावर चढू शकत नाही, असा त्याचा मार्मिक दृष्टान्त आहे.

या आक्षेपास महिमभट्टाच्या ‘व्यक्तिविवेक’ ग्रंथात उत्तर मिळते. त्याच्या मते वस्तूची दोन रूपे असतात, एक सामान्य आणि एक विशिष्ट. व्यवहारातील शब्द सामान्य रूपाचा बोध करून देतात; विशिष्ट रूप कवीच्या प्रतिभेस प्रत्यक्ष होते. स्वभावोक्तीत वर्णिला जातो तो हा विशिष्ट स्वभाव. म्हणून स्वभावोक्ती ही वार्ता नव्हे. ‘गाय’ या शब्दाने कोणतीही गाय कळते. कवीच्या वर्णनाने हीच गाय, याच क्षणीची, डोळ्यांपुढे उभी राहते.

हा सिद्धान्त ध्वनिफितीस लावू गेल्यास एक विलक्षण गोष्ट दिसून येते : फितीच्या बाबतीत प्रवासाची दिशाच उलटी होते. भाषेचा आरंभ सामान्यापासून होतो व कवीस विशिष्टापर्यंत पोचावे लागते. यंत्राचा आरंभच विशिष्टापासून होतो. मायक्रोफोनला ‘गाढव’ ही जाती ठाऊक नाही. त्याला मिळते ते अमक्या पहाटेचे अमके ओरडणे. जे कवीने प्रतिभेच्या बळावर मिळवावयाचे ते यंत्रास आयतेच, कोणत्याही प्रतिभेवाचून, प्राप्त होते. म्हणूनच नुसते मुद्रण कितीही हुबेहूब असले तरी त्यास कला म्हणता येत नाही, आणि भामहाचा ‘वार्ता’ हा शब्द त्यास पुरेपूर लागू पडतो. मग फितीवर काम करणाऱ्या कलावंताचे कार्य कोणते? कवीच्या उलट वाटेने जाण्याचे : विशिष्टांच्या राशीतून जे पुन्हा पुन्हा येते ते ओळखून, ‘ती पहाट’ या मुद्रणातून ‘पहाट’ घडवण्याचे. फेरारी यांनी रोज परतणारे आवाज निवडले यात हेच घडले आहे. त्यांच्या कृतीतील प्रत्येक आवाज विशिष्ट आहे, पण त्यांची जुळणी सामान्याकडे नेणारी आहे. उक्ती आहे ती या जुळणीत. ती फितीवर कोठे वेगळी ऐकू येत नाही. पण ती काढून घेतली तर उरतील ते काही तासांचे विस्कळीत आवाज.

कुंतकाचा आक्षेपही यामुळे मिटतो. अलंकार्य आहे ते वेला लुकाच्या पहाटांचे मुद्रण. अलंकार आहे तो त्यातील निवड आणि क्रम. दोन्ही एकाच द्रव्याची असल्यामुळे ती एकरूप भासतात, एवढेच. शीर्षकातील ‘जवळजवळ’ या शब्दाचे मोल येथे कळते. ‘काहीच नाही’ हा गावाचा आणि यंत्राचा वाटा म्हटला, तर ‘जवळजवळ’ हा रचनाकाराचा वाटा होय.

५

ही जुळणी कोणत्या तत्त्वाने झाली आहे, हे पाहण्यासाठी मर्ढेकरांच्या लयविचाराचा आधार घेता येतो. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सर्व ललितकलांना लागू केली. मर्ढेकर स्वतः ऑल इंडिया रेडिओच्या सेवेत होते. ध्वनी हे माध्यम त्यांच्या नित्य परिचयाचे होते. त्यांच्या मीमांसेनुसार संगीताचे माध्यम म्हणजे नादसंवेदना, आणि त्या संवेदनांना चिकटलेले लौकिक अर्थ संगीताच्या बाहेरचे. हे मत शेफर यांच्या श्रवणतत्त्वाशी जुळणारे आहे हे उघड दिसते. त्या कसोटीवर फेरारी यांची कृती शुद्ध संगीत ठरत नाही, कारण तिच्यातील गाढव हे गाढव म्हणूनच ऐकावयाचे आहे. साहित्याचे माध्यम मर्ढेकर भावनात्मक अर्थ हे मानतात. फेरारी यांच्या कृतीचे द्रव्यही ओळखलेले, अर्थयुक्त आवाज हे असल्यामुळे ती साहित्याच्या अधिक जवळ जाते. तिच्या परीक्षणास साहित्यशास्त्रातील अलंकारविचार का मानवतो, याचे कारण हेच.

लयतत्त्वे मात्र येथेही लागू पडतात. आरंभी पाण्याचे हेलकावे आणि होडीच्या यंत्राची ठेक्यातली धडधड यांचा संवाद आहे. दोन्ही आवर्तनशील, एक निसर्गाचे आणि एक माणसाचे. गाढवाचे ओरडणे आणि मोटारीचा आवाज हे विरोधाचे बिंदू. ते मधूनमधून येऊन आवर्तनाचा भंग करतात आणि आपण किती शांततेत होतो याची जाणीव देतात. माणसांचे बोलणे क्वचित जवळून, क्वचित लांबून येते. स्टीरिओ मुद्रणामुळे या अंतराला स्वतःचा अर्थ प्राप्त झाला आहे. या सर्वांखाली सिकाडांचा नाद केव्हा सुरू झाला हे श्रोत्यास कळत नाही. तो लक्षात येतो तेव्हा बराच वाढलेला असतो आणि उत्तरार्धात इतर सर्व आवाजांना व्यापून टाकतो. आरंभीच्या शांततेचा समतोल अखेरच्या घनतेने साधला आहे. रात्र जशी सर्वांना झाकते तसाच हा दिवसाचा नादही सर्वांना झाकतो. रचनाकाराचा हात सर्वांत स्पष्टपणे जाणवतो तो येथे. सिकाडांचा हा चढ निसर्गातला असला, तरी त्याचे प्रमाण आणि त्याचा अवधी योजलेला आहे.

आपल्या संगीतात प्रहराचा बोध संकेताने होतो. ललत किंवा भैरव कानी पडला की पहाट सुचते, कारण परंपरेने ते राग त्या वेळेस बांधले आहेत. फेरारी यांच्या कृतीत वेळेचा बोध संकेताने होत नाही, चिन्हाने होतो. धूर पाहून अग्नी जाणावा तसा. परंतु ही चिन्हे दररोज परतणारी म्हणून निवडलेली आहेत, म्हणजे त्या गावापुरता तोही एक संकेतच झाला.

६

येथवर कृतीचा पक्ष मांडला. तिच्या मर्यादेचा विचार केल्याशिवाय परीक्षण पुरे होणार नाही. जी पद्धत या कृतीस कलाकृतीचे रूप देते तीच तिची मर्यादाही ठरवते. रोज परतणारे तेवढे ठेवावयाचे म्हटले की, एकदाच घडणारे गळून पडते. पाण्याच्या आणि कीटकांच्या बाबतीत यात काही बिघडत नाही. माणसांच्या बाबतीत बिघडते. वेला लुकाची माणसे फितीवर बोलत आहेत. ती काही तरी बोलत आहेत : कोणास हाक मारीत असतील, भावाची घासाघीस करीत असतील. पॅरिसच्या किंवा मुंबईच्या श्रोत्यास ती भाषा कळत नाही, म्हणून ते बोलणे त्याला पाण्याच्या आवाजासारखेच एक मधुर पोत वाटते. त्याच गावातल्या माणसाने ही फीत ऐकली तर त्यास शब्द ऐकू येतील, कदाचित आवाजावरून माणूसही ओळखू येईल. त्याच्या दृष्टीने ही कृती ‘जवळजवळ काहीच नाही’ नसून पुष्कळ काही आहे. तात्पर्य, शीर्षकाने सुचवलेली शून्यता ही गावाची नव्हे, ती परक्या श्रोत्याच्या अज्ञानाची आहे. आणि कृती त्या अज्ञानावर अंशतः उभी आहे.

याला जोडूनच दुसरी गोष्ट येते. खिडकीत मायक्रोफोन ठेवून ऐकणारा मनुष्य स्वतः कोठेही ऐकू येत नाही. गावाचा प्रत्येक आवाज फितीवर आहे, फक्त पाहुण्याचा नाही. त्यामुळे ऐकणारा कोणी नाहीच, जणू पहाटच स्वतःला ऐकत आहे, असा आभास उत्पन्न होतो. कृतीस हात न लावल्याची जी स्तुती होते तिचे मूळ या आभासात आहे. नादलोकाचे दस्तऐवज म्हणून अशा फितींचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने येथे विशेष सावध असावे. ही फीत वेला लुकाच्या दैनंदिन जीवनाचा पुरावा म्हणून वापरता येईल ती एवढ्याच अर्थाने, की एका पाहुण्यास त्या जीवनात काय पुनःपुन्हा ऐकू आले याचा ती पुरावा आहे.

हा प्रश्न फेरारी यांच्या पुढील कृतींतही निराळ्या रूपाने पुढे येतो. मालिकेतील दुसरी रचना १९७७ मधली. ती दक्षिण फ्रान्समधील त्युशाँ या गावाच्या रात्रीतून घडली. तीत रचनाकाराचा स्वतःचा आवाज आहे. तो अंधारात चालत ऐकलेल्या गोष्टींविषयी हलक्या स्वरात बोलतो, आणि पुढे वाद्यांचे नाद त्या रात्रीत शिरतात. तिच्या उपशीर्षकातच ही रात्र रचनाकाराच्या अनेकविध मस्तकात चालू राहते असे म्हटले आहे. म्हणजे पहिल्या कृतीत लपलेला ऐकणारा दुसरीत उघड झाला. प्रामाणिकपणाच्या दृष्टीने दुसरी कृती पुढची आहे. कलेच्या दृष्टीने ती पुढची आहे असे मात्र सहज म्हणता येणार नाही. कारण वक्ता उघड होताच स्वभावोक्ती संपते आणि आत्मनिवेदन सुरू होते. दोन्ही प्रकार आपापल्या जागी योग्य आहेत. पहिल्याची कसोटी दुसऱ्यास लावू नये, एवढेच.

७

या विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, क्षेत्रीय ध्वनिमुद्रणावर आधारलेल्या कृतीचे परीक्षण करताना ‘हे संगीत आहे काय’ हा प्रश्न आधी विचारण्यात अर्थ नाही. आधी विचारावे ते असे : किती मुद्रणातून किती ठेवले, कोणत्या तत्त्वाने ठेवले, आणि ते तत्त्व श्रवणात प्रतीत होते काय? या प्रश्नांची उत्तरे जेथे मिळत नाहीत तेथे भामहाचा निर्णय कायम राहील, आणि आज ध्वनिमुद्रणाचे साधन प्रत्येकाच्या खिशात असताना असे मुद्रण विपुल आहे. दुसरा असा की, यंत्राने विशिष्ट आयते हाती दिल्यामुळे कलावंताचे काम सोपे झालेले नाही. कवीला शब्दांच्या सामान्यातून बाहेर पडावे लागते, फितीच्या कलावंतास प्रसंगांच्या विशिष्टातून. त्या वाटेवर जे गळते त्याची जबाबदारीही त्याचीच असते. फेरारी यांच्या पहिल्या कृतीने ही वाट दाखवली आणि तिची किंमतही दाखवली. म्हणून ती अभ्यासनीय आहे. तिचा अभ्यास करणाऱ्याने ती दोनदा ऐकावी : एकदा पहाट ऐकण्यासाठी, आणि एकदा त्या पहाटेतले न कळणारे बोलणे ऐकण्यासाठी.